पेंढ्याचे हवालदारसाहेब

तुमचा विश्वास बसणार नाही. बसावा असा माझा आग्रहही नाही. पण आमच्या ह्यांचं पहिलं प्रेम एका हवालदारावर जडलं होतं. जाड काळ्या भुवया, पांढरे हातमोजे, आणि पोटात नुसता भाताचा पेंढा! माझा नंबर त्यांच्यानंतर लागला.

हे मी आमच्या नातीला, होनोकाला, सांगितलं तेव्हा ती मुळे धूत होती. थंडी पडायच्या आधी मुळे धुवायचे, दोन-दोन मुळ्यांचा पाला एकमेकांत बांधायचा आणि ओसरीच्या वाशावर जोडीजोडीनं उन्हात टांगायचे, हे आमच्या कुरातानी गावातलं दर वर्षीचं काम. होनोका शहरातून मदतीला आली होती. मदतीला म्हणजे, नवीकोरी गाडी मिरवायला. गाडीच्या नाकावर शिकाऊ चालकाचं हिरवं-पिवळं पान चिकटवलेलं, आणि घाटाच्या वळणावर टायर असे किंचाळले होते की आमची मांजर अजून माळ्यावरून खाली उतरली नव्हती.

"तुझ्या त्या बाहुल्यानं मला केवढं घाबरवलं, आजी!" होनोका म्हणाली. "वळणावर एकदम पोलीस! मी कचकन ब्रेक मारला. मग बघते तर बाहीतून पेंढा बाहेर आलेला."

"मग? आभार मानलेस का त्यांचे?"

"कुणाचे? बाहुल्याचे?"

"हवालदारसाहेबांचे. शेजारच्या पाटीवर काय लिहिलंय?"

"चाळीस. पण आजी, चाळीसनं कोण चालवतं गं? चाळीसची पाटी म्हणजे सगळे साठनं जाणार, हे पाटी लावणाऱ्यालाही माहीत असतं. मी चाळीसनं गेले ना, की मागचा असा चिकटतो... आरशात त्याच्या नाकातले केस दिसतात."

"आणि साठनं गेलीस की?"

"की सगळे खूश. आणि माझा हात बसलाय आता."

'हात बसलाय' म्हटल्याबरोबर ओसरीच्या कोपऱ्यात पाल्याच्या गाठी मारत बसलेले आमचे हे, म्हणजे तोकुजी, हळूच खोकले. कानातलं यंत्र काढून त्यांनी खिशात ठेवलं होतं. म्हणजे आता त्यांना काही ऐकू येत नाही, असं आम्ही सगळ्यांनी धरून चालायचं.

"अगदी हेच शब्द मी एका माणसाच्या तोंडून ऐकले होते," मी म्हणाले. "कुंपणाआड लपून. तो मुळा नीट घास, माती राहिलीय. सांगते."

आणि मी सांगितलं, ते असं.

तेव्हा मी तिच्याएवढी होते. डोंगरातला बोगदा अजून खणून व्हायचा होता. समुद्रावरून गरम झऱ्यांच्या गावाकडे जाणारी प्रत्येक गाडी आमच्या घाटातून, आमच्या दारावरून जायची. त्यात मासळीचे ट्रक तर विचारूच नका. होड्या पहाटे किनाऱ्याला लागायच्या, आणि झऱ्याच्या गावातल्या सरायांमध्ये पाहुण्यांना दुपारच्या ताटात माकूळ हवं असायचं. माकूळ ताजं असतं तोवर काचेसारखं आरपार दिसतं. उशीर झाला की पांढरं पडतं. पांढरं पडलं की सराईची मालकीण नाक मुरडणार, मासळीचा मुकादम ड्रायव्हरवर ओरडणार, आणि ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी आणखी जोरात गाडी हाकणार. असं ते चाललेलं.

तोकुजी नावाचा एक पोरगा तर असा यायचा की ट्रक निघून जायचा आणि त्याची सावली मागून धापा टाकत यायची. आमच्या कोंबड्यांनी त्या वर्षी दिलेली अंडी आतून आधीच फेटलेली असायची.

"आजी!" होनोका म्हणाली.

"खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचार."

मग एका ट्रकनं वळणावरच्या दगडी जिझोदेवाचं, वाटसरूंच्या राखणदाराचं, नाक उडवलं. कुणाचा ट्रक ते कळलं नाही, पण देवाचं नाक गेलं म्हटल्यावर गावाची बैठक भरली. आज नाक, उद्या एखाद्या पोराचा पाय. गावानं तालुक्याला विनवलं, एक पोलीस द्या. तिथून उत्तर आलं की एवढ्याशा गावासाठी माणूस नाही.

"नाही तर नाही," आमच्या महिला मंडळाच्या बायका म्हणाल्या. "आपण बनवू."

पेंढ्याच्या कामात माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. दोर वळा, चपला विणा, शेतातलं बुजगावणं उभं करा, बोलावणं मलाच. निवृत्त झालेल्या एका हवालदाराच्या बायकोनं जुना गणवेश दिला. चेहरा पांढऱ्या कापडाचा. देवळातल्या भटजींनी त्यावर शाईनं भुवया काढल्या, आणि काढता काढता त्यांच्या अंगात काय आलं कोण जाणे... भुवया अशा उतरल्या की पुढचा आठवडाभर भटजी स्वतः तिथून जाताना सायकलवरून उतरून चालत जायचे. चाळीसच्या पाटीशेजारी, एका पालथ्या पिंपावर, साहेब विराजमान झाले.

त्याच आठवड्यातली एक सकाळ. आदल्या रात्रभर पाऊस पडला होता. धुकं इतकं दाट की हातानं बाजूला करावं आणि पुढे पाऊल टाकावं. मी कुंपणाआड पालेभाजी खुडत होते. डोक्याला नारिंगी रुमाल. तेवढ्यात ट्रकचा आवाज... मग ब्रेकचा... मग आतल्या पेट्या एकमेकींवर आपटल्याचा.

ट्रक साहेबांच्या पुढ्यात येऊन थांबला होता. आतून एक उंचेला पोरगा उडी मारून उतरला. टोपी काढली, लायसन्स दोन्ही हातांत धरून पुढे केलं, आणि कमरेत असा वाकला की कपाळ गुडघ्याला लागावं.

"चूक झाली, साहेब!"

साहेब गप्प.

"खरं म्हणजे... माझा हात बसलाय हो. हा घाट मी डोळे मिटून..."

साहेब गप्प.

"मिटून नाही, साहेब! उघडे. चांगले उघडे ठेवून. बोलायची पद्धत असते एकेक."

साहेब गप्प.

"हो. पद्धतही वाईटच."

मी तोंडात रुमाल कोंबला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि साहेबांच्या त्या भुवया! त्यांच्यापुढे कुणाचाही धीर सुटला असता.

"साठच्या आसपास असेन, साहेब... बरं, सत्तर. आणि विचारताच आहात म्हणून सांगतो, मागल्या बुधवारी ऐंशीचा काटा ओलांडला होता. पण माकूळ पांढरं पडतं हो! आणि सगळेच तसे जातात. मी एकटा हळू गेलो तर मागचे शिव्या घालतात. म्हणजे... तुम्ही काहीतरी बोला ना साहेब. असं गप्प राहिलात की मला फार वाईट वाटतं."

मग त्यानं मान वर केली. नजर हळूहळू साहेबांच्या बाहीकडे गेली. बाहीतून पेंढ्याच्या चार काड्या डोकावत होत्या.

त्याचे कान असे लाल झाले की धुकं वितळलं. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आपली फजिती कुणी पाहिली तर नाही ना? लायसन्स खिशात घातलं, स्वतःशीच हसला, साहेबांच्या टोपीला एक टिचकी मारली, आणि पाय मोकळे करायला वळणापलीकडे गेला.

परत आला तो माणूस वेगळाच होता. चेहरा पांढऱ्या पडलेल्या माकुळासारखा.

वळणापलीकडे अर्धा रस्ताच नव्हता. रात्रीच्या पावसानं कड ढासळली होती, आणि खाली नदीपर्यंत नुसती हवा होती.

तो साहेबांसमोर येऊन उभा राहिला. मग टोपी काढून पुन्हा वाकला. पहिल्या खेपेला वाकला होता तो भीतीनं. ह्या खेपेला... काय सांगू, माझ्या तोंडातला रुमाल आपोआप गळून पडला. ट्रकमधून त्यानं दोन माकुळं आणली, पानावर ठेवली, देवापुढे ठेवावीत तशी. टाळ्या वाजवून हात जोडले.

"ती माकुळं साहेबांनी खाल्ली?" होनोकानं विचारलं.

"मी खाल्ली. साहेबांना कुठे दात होते?"

"कशी होती?"

"काचेसारखी." मी हातातला मुळा पुसला. "पण घास उतरेना. मी जाऊन ते भगदाड पाहून आले होते. त्या पोराचं मला नावही ठाऊक नव्हतं, आणि दिवसभर एकच घोकत होते... तसाच वळणापलीकडे गेला असता तर?"

कोपऱ्यातल्या गाठी मारणं थांबलं होतं. मी तिकडे पाहिलं तसं पुन्हा सुरू झालं.

रस्ता बांधून झाला, ट्रक पुन्हा सुरू झाले. बाकीच्या ड्रायव्हरांना एव्हाना कळलं होतं की साहेब पेंढ्याचे आहेत. ते भोंगा वाजवून साहेबांना सलाम ठोकायचे आणि पाय तसाच दाबून ठेवायचे. जो तो म्हणायचा, घाटात धोका आहे खरा, पण तो बाकीच्यांमुळे. तोकुजी तेवढा वळणाच्या आधी वेग कमी करायचा. चारही पिवळे दिवे दोनदा लुकलुकवायचा. रस्त्यात कुणी वाट दिली की गाडीवाले तसे आभार मानतात ना, तसे. पुढे पुढे तर थांबायलाच लागला. कधी एक संत्रं ठेवायचा, कधी भाताचा लाडू. आणि बोलायचा! मुकादमाची तक्रार, आईचे गुडघे, रेडिओवर ऐकलेला विनोद... सगळं साहेबांना. मी कुंपणाआड. आमच्या घरी पालेभाजी इतकी यायला लागली की बाबा म्हणाले, पोरी, आपण ससे झालोत का?

आणि मग वादळ आलं.

वादळ म्हणजे कसलं वादळ! घाटातली झाडं शेजारच्या जिल्ह्यात पाहुणचार घेऊन परत आली. जिझोदेवाचं उडालेलं नाक परत येऊन जागेवर बसलं. आणि आमचे साहेब... गेले. टोपी, गणवेश, हातमोजे, कापडी चेहरा, सगळं पिंपाशेजारी पडलेलं. आतला पेंढा तेवढा वाऱ्यानं काडी काडी करून नेला.

कोपऱ्यातून खोकला आला. ह्या खेपेला जरा मोठा.

"घशाला काय झालंय हो?" मी ओरडून विचारलं. उत्तर नाही. यंत्र खिशात होतं ना.

"मग नवा पेंढा भरायचा," होनोका म्हणाली.

"नवा पेंढा कापणीनंतर. तोवर वळण तसंच उघडं ठेवायचं? कुणाला तरी तिथं बसणं भाग होतं. गावासाठी."

"गावासाठी."

"गावासाठीच! हसतेस काय?"

तर मी गणवेश चढवला. केस टोपीत खुपसले, कापडी चेहरा बांधला. पातळ कापडातून बाहेरचं दिसायचं. बाह्यांत थोडा पेंढा खोचला, आणि पिंपावर जाऊन बसले. पहिल्याच दिवशी एक चतुर येऊन नाकावर बसला. मी सहन केलं. गाईनं येऊन बाही चाखली. सहन केलं. मग घाटातून तोकुजीचा ट्रक आला. दिवे लुकलुकले, दोनदा. तो उतरला, जवळ आला... आणि साहेबांच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "आज तुमच्या अंगाला कॅमेलियाच्या तेलाचा वास येतोय."

मी श्वास रोखला. मेलं केसांचं तेल!

"असू दे, असू दे. पोलिसांनीही थोडं नटावं."

आणि त्यानं माझी कॉलर सारखी केली. दोन बोटांनी, इतक्या हलक्या हातानं, जणू नखाएवढं पाखरू उचलतोय. पेंढा असते तर पेटले असते!

तेव्हापासून रोज. सकाळची कामं आटपून मी पिंपावर. तो यायचा, ट्रक कडेला लावायचा, आणि साहेबांपुढे आपली हजेरी द्यायचा.

"आज पंचेचाळीस, साहेब."

मी गप्प.

"बरं... पन्नास. पण उतारावर चाळीस. अगदी शप्पथ! आणि एक गंमत सांगू? चाळीसनं जायला लागल्यापासून कळलं, ह्या घाटात एक ओढा आहे. इतकी वर्षं जातोय, ओढा कधी दिसलाच नव्हता. एक बगळा आहे. एका घराच्या दारात मिरच्या वाळत घातल्यात. आणि त्या कुंपणाआड..." तो ट्रकच्या चाकाला बुटाच्या टोकानं उगाच टोचत राहिला. "त्या कुंपणाआड एक नारिंगी रुमाल असायचा, साहेब. हल्ली दिसत नाही. तुम्हाला माहितेय का ती कुठे असते?"

मी गप्प.

"माहीत असेल तर काही बोलू नका."

मी... गप्पच!

"म्हणजे माहितेय!" तो खुशीत ओरडला. "वाटलंच मला. पोलिसांना सगळं माहीत असतं."

कापडाआड माझे गाल इतके तापले की भटजींनी काढलेल्या भुवयांची शाई पाघळली. एकदा सर आली तर त्यानं ट्रकमधून छत्री आणली आणि माझ्या डोक्यावर धरून उभा राहिला. स्वतः भिजत. पाण्याचे थेंब त्याच्या हनुवटीवर जमत होते, टपकन् पडत होते. माझ्या नाकात काहीतरी वळवळलं... आणि मी शिंकले. चांगली खणखणीत!

त्यानं छत्री सावरली. मग आकाशाकडे पाहून म्हणाला, "वारा फार सुटलाय आज." आणि गळ्यातला मफलर काढून माझ्या गळ्यात गुंडाळला.

"आजोबांना तेव्हासुद्धा कळलं नाही?" होनोकानं हातातला मुळा पाण्यात सोडून दिला.

"भोळा माणूस गं. शिंक वाऱ्याची वाटली त्याला."

ओसरीच्या कोपऱ्यात आमचे हे एक गाठ तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधत होते.

पण कापणी जवळ येत होती, आणि कापणीच्या सुमारास बोगदाही उघडणार होता. सगळा घाट आनंदात होता. ट्रक जाणार, धूळ जाणार, जिझोदेवाचं नाक शाबूत राहणार. मीच एकटी रात्री कूस बदलत होते. बोगदा झाला की माकुळं डोंगराच्या पोटातून जाणार. मग कुरातानीत कोण कशाला थांबेल? आणि मी काय करू? पिंपावरून उठून, चेहरा काढून सांगू, की साहेब नव्हते हो, मीच होते? तुमच्या आईचे गुडघे, तुमची गुपितं, सगळं मीच ऐकलं? तोंड काळं करून निघून गेला असता! आणि न सांगावं, तर कायमचाच जाणार होता.

शेवटच्या दिवशी तो आला. बोलला मात्र फार थोडं.

"उद्यापासून बोगदा, साहेब. तिथं साठची पाटी आहे. माकुळं आरपार पोचतील. मुकादम खूश, मालकीण खूश, पाहुणे खूश." तो रस्त्याकडे पाहत राहिला. "मी जिवंत आहे तो तुमच्यामुळे. हे मी रोज म्हणायला थांबायचो... आणि रोज दुसरंच काहीतरी बोलून जायचो."

माझ्या चेहऱ्याचं कापड डोळ्यांखाली ओलं झालं. त्यानं ते पाहिलं. बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

"दंव," तो म्हणाला. "अजून वाळलं नाही." ऊन तर डोक्यावर आलं होतं.

ट्रक गेला. दिवे लुकलुकले. एकदा, दोनदा... आणि वळणाआड जाईपर्यंत लुकलुकतच राहिले.

दुसऱ्या दिवशी घाट रिकामा. रस्त्यावर बायकांनी चटया टाकून सोयाबीन वाळत घातलं. मी मात्र गणवेश चढवून पिंपावर.

"गावासाठी?" होनोकानं विचारलं.

"सवयीनं. मध्ये बोलू नकोस."

तर मी बसलेली. दुपार कलली. आणि लांबून एक आवाज आला, इतका हळू, की आधी वाटलं कुणी दूरवर तांदूळ पाखडतंय. तोकुजीचा ट्रक! असा येत होता की एका गोगलगायीनं त्याला मागे टाकलं, आणि मग वाईट वाटून थांबून वाट पाहिली. सोयाबीनच्या चटयांना वळसा घालत, एकही दाणा न चिरडता, तो पाटीपाशी आला. उतरला. टोपी काढली, लायसन्स दोन्ही हातांत धरून पुढे केलं. अगदी पहिल्या दिवसासारखं.

"साहेब, बोगद्यातून साठनं जाता येतं. पण तिथं थांबता येत नाही. ना ओढा, ना बगळा... आभार मानायलाही कुणी नाही. मी मासळीचं काम सोडलं. परवापासून घाटातली बस चालवणार. प्रत्येक थांब्यावर थांबणारी. चाळीसच्या वर गेलो तर म्हाताऱ्या छत्रीनं मारतात म्हणे."

मी गप्प. छातीत मात्र महिला मंडळाचे सगळे ढोल वाजत होते.

"आता एकच विचारायचं राहिलंय. ती नारिंगी रुमालवाली... तिला जर विचारलं, की माझ्या शेजारी बसून जन्मभर चाळीसनं येशील का, तर ती काय म्हणेल? नेहमी तुम्ही गप्प बसता, साहेब. चालतं. पण आज बसू नका."

वारा थांबला. बगळा एका पायावर थांबला. गोगलगाय तर थांबलेलीच होती.

"...हो म्हणेल," साहेब म्हणाले.

होनोकानं ओल्या हातांनीच टाळ्या पिटल्या. "आणि आजोबा?"

"आजोबा? धाडकन आडवे! पेंढा बोलला म्हटल्यावर दुसरं काय होणार! शुद्धीवर आले ते संध्याकाळी, बाबांनी नाकाशी लोणचं धरलं तेव्हा. मग मी कापड बाजूला केलं, तेव्हा कुठे उजेड पडला. भोळा माणूस!" मी शेवटचा मुळा तिच्याकडे सरकवला. "म्हणून मी रोज सकाळी आधी त्या चाळीसच्या पाटीला वाकते, मग साहेबांना, मग त्या वादळाला. वादळानं साहेबांना उडवलं नसतं, तर मी कशाला जाते त्या पिंपावर? ना तुझी आई असती, ना तू. आता जाताना वळणावर काय करशील?"

"चाळीस," होनोका म्हणाली. "आणि दोनदा दिवे."

"शहाणी माझी."

"खोटं," ओसरीच्या कोपऱ्यातून आवाज आला.

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. ह्यांच्या हातात मुळ्यांची जोडी होती. यंत्र खिशातच होतं.

"काय खोटं हो? तुम्हाला ऐकू तरी आलं का?"

"मी आडवा झालो नव्हतो. पण ते राहू दे." त्यांनी गाठ आवळली. "वादळ आलं, ते खरं. साहेब उडाले, हे खोटं. तू पहिल्यांदा पिंपावर बसलीस, त्याच सकाळी चढावर माझा ट्रक तापला होता. रेडिएटरला पाणी मागायला मी आधी तुमच्याच परसात आलो होतो, इत्सुको. साहेब तुमच्या कोठीच्या दाराआड उभे होते. उघडेबंब. एक काडी हललेली नव्हती."

होनोका माझ्याकडे पाहायला लागली. मी मुळ्याकडे.

"तुझी आई म्हणाली, 'काय सांगू बाबा, पोरीनं सकाळी सकाळी साहेबांचे कपडे उतरवले आणि स्वतः घालून वळणावर जाऊन बसलीय. कुणाची वाट बघतेय, देव जाणे.'"

"आजी!" होनोका म्हणाली. "गावासाठी?"

ह्यांनी मुळ्यांची जोडी वाशावर टांगली, हात पुसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं:

"मग मी पाणी घातलं आणि वळणावर आलो. बघतो तर तू नाकावर चतुर घेऊन बसलेली. म्हटलं, एवढ्या कष्टानं गप्प बसलीय पोरगी... तर आपणच बोलावं."